ओकिनूआईची मुलीची गोष्ट

कुवानोला आमच्या तोंडून खरं ऐकायचं होतं, यातच सगळं आलं. शिंजुकूतल्या नि-चोमेच्या गल्लीत यायचं, पुरुषाच्या जन्माला येऊन बाई झालेल्या आमच्यासारख्यांच्या बारमध्ये बसायचं आणि खरं मागायचं! न्हाव्याच्या दुकानात जाऊन भाजी मागावी तशातला प्रकार. पण तो सिनेमावाला होता. वय तिशीच्या आतबाहेर, तळघरातही काळा चष्मा लावून बसायचा आणि जाताना पायरी चुकायचा. आमच्या लोकांवर तो सिनेमा काढत होता. त्या सिनेमाला गोष्ट नव्हती, आणि हे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा.

गोष्ट नव्हती म्हणजे काय, ते मला भोगावं लागलं. टोफूवाल्याच्या दुकानापासून स्टेशनच्या तोंडापर्यंत, भर दुपारी, किमोनो नेसून त्याने मला उलटं चालायला लावलं. टोफूवाल्याची बायको हातातलं भांडं तसंच धरून बघत राहिली. मग त्याने फिल्म उलटी फिरवली आणि असं दाखवलं की मी सरळ चालते आहे आणि अख्खं तोक्यो उलटं चालतं आहे. "कळलं का, रुरी-सान?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "कळलं की. पण हे मला न चालताही ठाऊक होतं." ते वाक्य त्याला इतकं आवडलं की कॅमेऱ्यासमोर त्याने ते पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना मला माझीच शरम वाटली.

मी रुरी. ‘हागोरोमो’ बारमध्ये काम करते. माझ्याबरोबर मोमोयो, आणि आमच्या डोक्यावर ओकिनूआई. अशा बारच्या मालकिणीला सगळे आईच म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. मनगटावरचे केस पावडरीखालून डोकावत असले तरी आईच. ओकिनूआई पन्नाशीची, लढाईत कुठल्याशा बेटावर सरडे खाऊन जगलेली. करड्या किमोनोत ती काउंटरमागे उभी राहिली की एखाद्या बड्या घरची विधवा वाटायची. मग ती तोंड उघडायची. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचं स्वागत आमच्याकडे अपमानानेच होतं. "अगंबाई, हे तोंड घेऊन आलास? वाटेत कुत्री नाही भुंकली?" लोक त्यासाठीच येत. तिची जीभ एकदा सुटली की तिला उत्तर देणारा अजून जन्मला नव्हता.

कुवानो आम्हाला एकेकीला पांढऱ्या भिंतीसमोर बसवायचा आणि प्रश्न विचारायचा. कॅमेरा चालवायला इबे नावाचा एक मुका वाटावा असा माणूस होता.

"तू सुखी आहेस का?" त्याने मोमोयोला विचारलं.

"पोट साफ झालं त्या दिवशी असते."

"तू अशी का झालीस?"

"तुम्ही चष्मा का लावता?"

"मला खरं सांग ना, मोमोयो-सान. तुझ्या आयुष्याबद्दल."

आता हे आमच्या धंद्यात विचारायचं नसतं. प्रत्येकीकडे दोन-तीन आयुष्यं तयार असतात. गिऱ्हाईक हळवं झालं, बाटलीत अजून अर्धी व्हिस्की आहे, असं दिसलं की त्यातलं एक काढायचं. मोमोयो बुडालेल्या सरदार घराण्यातली, खरं तर तिच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. मी देवळात वाढलेली अनाथ. माझे आई-वडील दोघंही अजून धडधाकट आहेत आणि माझं नाव काढत नाहीत. रोज तेच सांगितलं की कंटाळा येतो, म्हणून आम्ही तपशील बदलत राहतो. कुणी कुणाला खरं विचारत नाही. विचारणं म्हणजे भर रस्त्यात एखादीचा टोप ओढण्यासारखं.

यात ओकिनूआईची गोष्ट सगळ्यांत सरस होती. मुलीची गोष्ट. याइझू बंदरात बायको आणि चार वर्षांची पोर सोडून आपण तोक्योची गाडी पकडली, पोर धक्क्यावर उभी होती, तिच्या हातात कागदी भिरभिरं होतं. कधी भिरभिरं असायचं, कधी संत्रं. एकदा तर मांजर होतं. गिऱ्हाइकं ढसाढसा रडायची, कंपन्यांचे मोठमोठे साहेब नाक शिंकरायचे. ओकिनूआईच्या डोळ्यांतून बरोबर वेळेवर एक थेंब यायचा, रंग न बिघडवता. मग ती पडद्यामागे येऊन विचारायची, "मांजर जास्त झालं का गं?" आम्ही पोट धरून हसायचो. त्या गोष्टीतल्या पोरीला कधी नाव नव्हतं. ती पोर खरी असेल असं आमच्या स्वप्नातही आलं नाही.

कुवानोने ही गोष्ट ऐकली आणि त्याचा चष्मा चमकला. आठवडाभर तो दिसलाच नाही. आला तो हात चोळत.

"ओकिनू-सान, मुलीची गोष्ट आपण घेऊ या. मी एक नटी आणतो. ती तुमची मुलगी. मोठी झालेली, तुम्हाला शोधत आलेली. तुम्ही काउंटरमागे, ती समोर. तुम्हाला जे सुचेल ते बोला. एकदाच घेणार. सराव नाही."

ओकिनूआईने सिगरेट विझवली. सिगरेट अर्धीच होती, एवढं मला आठवतं. मग म्हणाली, "नटी देखणी असेल तर नाही हं करणार. या दुकानात देखणी एकच."

"देखणी नाही," कुवानो म्हणाला.

"मग आण."

ऑगस्टातली दुपार होती. आवाज यायला नको म्हणून पंखा बंद. ओकिनूआईने त्या दिवशी रंग जाड लावला होता, कॅमेऱ्यात पुसट दिसतो म्हणून. पांढरं तोंड, लाल ओठ, काढलेल्या भुवयांच्या जागी दोन रेघा. कॅमेरा गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या मागे लावला होता, म्हणजे नटीची पाठ दिसणार आणि पलीकडे ओकिनूआई. तिच्यामागे बाटल्यांची फळी, फळीमागे आरसा. मोमोयो आणि मी स्वयंपाकघराच्या पडद्याशी, हातपंख्याने एकमेकींना वारा घालत.

मुलगी आली. निळा ऑफिसचा पोशाख, सपाट चपला, हातात रुमाल, चेहऱ्याला काही लावलेलं नाही.

"ही नटी?" मोमोयो माझ्या कानात म्हणाली. "कुठून उचलून आणली हिला, पोस्टाच्या खिडकीतून?"

आत्ताच सांगून टाकते. ती नटी नव्हती. ती याइझूच्या मच्छीमार संस्थेत हिशेब लिहिणारी बावीस वर्षांची मुलगी होती आणि ओकिनूआईची सख्खी लेक होती. कुवानो स्वतः गाडीत बसून याइझूला गेला होता, चार ठिकाणी विचारून त्याने तिला हुडकलं होतं. ‘तुमच्या वडिलांना तुम्हाला भेटायचं आहे,’ असं त्याने तिला सांगितलं. कॅमेरा असेल, पण अभ्यासासाठी. आणि तो पाठीमागे असेल, तुमचा चेहरा कुणाला दिसणार नाही. ओकिनूआईला मात्र त्याने नटी सांगितली. त्याला खरा क्षण हवा होता. आम्हाला हे सगळं नंतर कळलं. त्या खोलीत ते ठाऊक असलेला माणूस एकच होता आणि त्याने काळा चष्मा लावला होता.

मुलीने वाकून नमस्कार केला. "बसू का?"

"बस की," ओकिनूआई म्हणाली. "उभी राहून काही उंची वाढायची नाही."

मोमोयो फिसकन हसली. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी याइझूहून आले. आई येऊ नको म्हणत होती."

"शहाणी आहे तुझी आई. मी पण तिला तेच सांगत होते, माझ्याशी लग्न करू नकोस म्हणून."

"तुम्ही बरे आहात ना?"

"बरी? बघून घे नीट. इतकी तुकतुकीत कातडी असलेला बाप पंचक्रोशीत कुणाला मिळालाय?"

मुलगी मान खाली घालून रुमालाची घडी घालत राहिली. मला वाटलं, पोरगी बरी करतेय काम, फार न करता. मग ती म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. नोव्हेंबरात."

"अगं बया! मला आजी करायला निघालीस? माझं वय गिऱ्हाइकांना बत्तीस सांगितलंय!"

"मुलाकडचे लोक सगळी चौकशी करतात. घराणं, वडील, सगळं." तिचा आवाज बारीक झाला. "मी त्यांना सांगितलंय की तुम्ही वारलात."

ओकिनूआईने भुवईची एक रेघ वर नेली. गिऱ्हाइकाला चांगलं झोंबणारं काही सुचलं की ती तसं करायची.

"वारले? आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

पहिली हसले ती मी. मोठ्याने, गडगडून. माझ्यामागून मोमोयो, मग दिव्यांवरची दोन माणसं.

लोक हसले की ओकिनूआईला चढायचं. "कशाने गेले गं मी? दारूने म्हणू नकोस, धंदा बसेल. प्रेमाने म्हण."

"आजाराने, असं सांगितलंय."

"शी! किती मिळमिळीत. निदान बुडवायचं तरी. बंदराच्या गावची ना तू?"

"तुम्हाला न विचारता सांगितलं, ते चुकलं माझं." मुलगी आता अडखळत बोलत होती. "पण माणूस जिवंत असताना त्याला परस्पर मेला म्हणणं मला बरं वाटेना. रोज खायला बसले की वाटायचं. म्हणून परवानगी मागायला आले."

"दिली!" ओकिनूआईने ग्लास उंच धरला. "जा, मेले मी. फोटो तेवढा चांगला लाव, उजवीकडून काढलेला. डावीकडून माझा जबडा दिसतो. आणि फोटोपुढे भात ठेवशील ना, त्याच्यावर मुळ्याचं लोणचं घाल. कोरडा भात माझ्या घशाखाली उतरत नाही."

आम्ही डोळे पुसत होतो. "कट," कुवानो म्हणाला, अगदी हळू.

मोमोयोने टाळ्या वाजवल्या. ओकिनूआई किमोनोचा गळा ढिला करून मानेवरचा घाम टिपायला लागली. "पंखा लावा रे मेल्यांनो, वितळले मी." मुलगी खुर्चीवर तशीच बसून होती.

"तारीख कोणती सांगू?" तिने विचारलं.

"कसली तारीख?"

"मृत्यूची. दर वर्षी त्या दिवशी उदबत्ती लावावी लागेल. सासरचे विचारतील. मी उगाच काहीतरी सांगण्यापेक्षा तुम्हीच सांगितलेली बरी."

"अगं पोरी," ओकिनूआई हसत म्हणाली, "कॅमेरा बंद झाला. आता कशाला करतेस काम?"

"कसलं काम?" मुलीने विचारलं.

तिने ते अगदी साधेपणाने विचारलं. ओकिनूआईने तिच्याकडे पाहिलं. मग कुवानोकडे. कुवानो इबेला बोटाने खूण करत होता: सुरू कर, सुरू कर. इबेने कॅमेऱ्यावरचा हात काढून घेतला. "फिल्म संपली," तो म्हणाला. संपली नव्हती, मला डबा दिसत होता. त्या दिवशी त्या खोलीत माणसासारखं कुणी वागलं असेल तर तो इबे.

"फुमिए," ओकिनूआई म्हणाली.

"हो."

मग ओकिनूआई दिसेनाशी झाली. काउंटरमागे खाली बसली ती. काहीतरी पडलं आहे आणि शोधते आहे अशी बसली, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी तोंड झाकून. पडद्याच्या बाजूने मला ती दिसत होती. बोटांना सगळा पांढरा रंग लागला होता. मुलीला समोर फक्त बाटल्या आणि आरसा दिसत असणार. ती वाट बघत राहिली. मला वाटत होतं, ऊठ आई, ऊठ, काहीतरी बोल. आणि असंही वाटत होतं की त्या तोंडाने तिने उठू नये.

"आजचीच सांग," काउंटरखालून आवाज आला. तो बारमधला आवाज नव्हता. मी तो आधी कधी ऐकला नव्हता, जाड, गावाकडचा, पुरुषाचा. "आजचीच तारीख. साल तुला हवं ते घाल."

"बरं," फुमिए म्हणाली. तिने रुमाल पिशवीत ठेवला, उठली आणि बाटल्यांकडे बघून खूप वाकून नमस्कार केला. दाराशी जाऊन तिने आम्हालाही केला. मोमोयोला आणि मला, जाताना, व्यवस्थित. मी हसले होते ते तिने ऐकलं होतं. परतून नमस्कार करायला माझी मान लवेना.

त्यानंतर बार रोज उघडत होता. ओकिनूआई उभी राहायची, गिऱ्हाइकांना टोमणे मारायची, पण कुणी म्हटलं, "आई, ती मुलीची गोष्ट सांग ना," तर म्हणायची, "ती मेली." आणि दुसरं काहीतरी काढायची. आम्हा दोघींना ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर आणखी बरं.

सप्टेंबरात कुवानोने आम्हाला कापलेली फिल्म बघायला बोलावलं. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. त्याने मोठ्या भक्तिभावाने दिवा मालवला. पडद्यावर फुमिएची पाठ आली, तिच्यापलीकडे ओकिनूआई, आणि ओकिनूआईच्या खांद्यावर, दोन बाटल्यांच्या मधोमध, आरशात फुमिएचा चेहरा. छोटा, पण लख्ख. ‘तुम्ही वारलात’ म्हणताना त्या चेहऱ्याचं जे झालं, ते आम्ही त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. आम्ही ओकिनूआईकडे बघून हसत होतो.

"आरसा," कुवानो अंधारात म्हणाला. "अख्ख्या सिनेमात खरं असं एवढंच आहे."

ओकिनूआई उठली आणि जमिनीवर बसली. दोन्ही हात पुढे टेकले, कपाळ फरशीला लावलं. ज्या बाईपुढे पोलीससुद्धा टोपी काढून बोलायचे, ती त्या चष्मेवाल्याच्या बुटांशी.

"हे काढून टाका. तिचं लग्न आहे. कुणी पाहिलं तर मोडेल."

"उठा, ओकिनू-सान, प्लीज. हे काढलं तर सिनेमा उरत नाही."

"तुम्ही तिला सांगितलं होतं, चेहरा दिसणार नाही म्हणून."

तो चष्मा पुसायला लागला. चष्म्याशिवाय तो अगदी पोरगेला दिसत होता.

"मग नुसता चेहरा घालवा," ओकिनूआई जमिनीकडे बघत म्हणाली. "बाकी माझं काय वाटेल ते दाखवा. नागडी दाखवा. तिचा चेहरा तेवढा नको."

कुवानोने चष्मा परत लावला. आणि मग, काय सांगू, त्याचा चेहरा उजळला. फिल्मवरचा चेहरा खरवडता येतो, तो म्हणाला, सुईने, एकेक चित्र. निगेटिव्हवरच खरवडलं तर पुन्हा कधी कुणाला दिसणार नाही. आणि बापाने स्वतःच्या हाताने खरवडायचं! त्याला ही कल्पना इतकी आवडली की त्याने तिथल्या तिथे विचारलं, तुम्ही खरवडत असताना कॅमेरा लावू का?

"लावून बघ," ओकिनूआई म्हणाली, आणि कुवानोने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग रोज सकाळी ती छापखान्यावर जाऊ लागली. साधी पँट, सदरा, रंग नाही, डोक्याला रुमाल. कुणी ओळखलं नसतं. मी सोबतीला जायचे. मोमोयो म्हणाली, "मला नाही बाई बघवणार." माझी मात्र न जायची छाती नव्हती.

खालून दिवा लावलेल्या काचेवर फिल्म ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईने तो तिळाएवढा चेहरा खरवडायचा. मग फिल्म एक चित्र पुढे ओढायची. एका सेकंदात अशी दोन डझन चित्रं असतात, आणि ती मुलगी तिथे काही मिनिटं बसली होती. ओकिनूआईचे हात मोठे, पण स्थिर. बेटावर जखमा शिवायची, म्हणे. ती एकेका चित्रावर थांबायची. आधी बघायची, बराच वेळ बघायची, मग सुई लावायची. मी घाई करायला सांगितलं नाही. अठरा वर्षांत तिने आपली लेक पाहिली नव्हती, आणि समोर येऊन बसली तेव्हाही पाहिली नव्हती.

"ये, बघ," एकदा तिने मला बोलावलं. मी भिंगातून पाहिलं. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं. फुमिएचा चेहरा काळवंडलेला आणि केस पांढरेशुभ्र.

"म्हातारी झाल्यावर अशी दिसेल," ओकिनूआई म्हणाली. "हनुवटी माझी घेतलीय गं पोरीने. वाईट झालं." मग तिने त्या हनुवटीवर सुई ठेवली.

एक दिवस मी म्हटलं, "आई, एक तुकडा कापून घे ना. एकच चित्र. कुवानोला कळणारसुद्धा नाही."

"माझा फोटो तिने लावायचाय," ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली. "मेलेल्याने कुणाचा फोटो ठेवायचा नसतो."

"मग स्वतःचं तोंड तरी घालव. तूही ओळखू येतेस की."

"ते राहू दे. बोललं ते तोंडच ना? लोकांना बघू दे." तिने पुढचं चित्र ओढलं. "रंग पण काय फासला होता गं मी. कुणीतरी सांगायचं."

मला रडू आलं. तिला ते आवडलं नसतं म्हणून मी खिडकीशी जाऊन खाली छापखान्याची माणसं कागदाची गाडी रिकामी करत होती ते बघत राहिले.

सिनेमा ऑक्टोबरात लागला, एका छोट्याशा तळघरातल्या थिएटरात. पहिल्या खेळाला आम्ही सगळ्या नटूनथटून गेलो, ओकिनूआईसकट. विद्यार्थी, लेखक, दाढीवाले, सगळे गर्दी करून जिन्यावरसुद्धा बसले होते. माझं उलटं चालणं आलं, लोक गंभीर झाले. मोमोयोचं पोट साफ होणं आलं, लोक आणखी गंभीर झाले. मग ‘हागोरोमो’चा काउंटर आला. बाटल्यांच्या मधोमध, आरशात, चेहऱ्याच्या जागी एक काळा डाग थरथरत होता.

आणि आवाज! आवाजावर कुणी सुई चालवली नव्हती. "आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!" असं पडद्यावरची ओकिनूआई म्हणाली आणि त्यामागोमाग माझं हसणं आलं. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठं. ते ऐकून अख्खं थिएटर हसलं. कुठे हसायचं हे मी त्यांना दाखवून देत होते. मी खुर्चीत जेवढी खाली सरकता येईल तेवढी सरकले. माझ्या पलीकडे मोमोयोने कानांवर हात ठेवले होते. ओकिनूआई ताठ बसून बघत होती.

बाहेर एक पोरगेलासा समीक्षक तिच्याभोवती घोटाळायला लागला. तो काळा डाग म्हणजे देशाने नाकारलेला चेहरा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. "अस्सं?" ओकिनूआई म्हणाली. "मला वाटलं, बुरशी आली." सगळे हसले. तिनेही हसून दाखवलं. मासिकांतून त्या डागावर लेख आले, कुवानोला परदेशातून बोलावणं आलं.

सिनेमा थंडी पडेपर्यंत चालला. ओकिनूआई दुपारची कुठेतरी जाते, हे माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणायची, "गुडघ्याला सुया टोचून घ्यायला." एका दुपारी मी मागोमाग गेले. ती थिएटरचा जिना उतरली, सदरा-पँटीत, डोक्याला रुमाल. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. मी तिच्या मागच्या रांगेत बसले. तिला कळलं असावं, पण वळली नाही.

काउंटर आला. फुमिएची पाठ आली, तो निळा पोशाख, खुर्चीच्या कडेवर बसणं. पडद्यावरची ओकिनूआई म्हणत होती, "उभी राहून काही उंची वाढायची नाही," आणि माझ्या पुढ्यात बसलेली ओकिनूआई पडद्याकडे वाकून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, स्वतःचेच संवाद म्हणते आहे. मी कान दिला.

"लांबून आलीस," ती त्या काळ्या डागाला सांगत होती, त्या जाड, गावाकडच्या आवाजात. "उन्हाची आलीस. आधी पाणी पी. घाई नाही. मी इथेच आहे."

आमच्या बारमध्ये कुणीही आलं, कितीही शिव्या खात आलं, तरी आधी त्याच्यापुढे ओला रुमाल आणि पाण्याचा ग्लास ठेवतात. चुकून शिरलेल्यालाही ठेवतात. त्या दुपारी तो ठेवायचं काम माझं होतं, आणि नटीला कशाला पाणी, म्हणून मी स्वयंपाकघराच्या पडद्याशीच उभी राहिले होते.

पडद्यावर माझं हसणं सुरू झालं. ओकिनूआई त्याच्यावर आवाज चढवून म्हणाली, "पी गं, बाळ," आणि पुढच्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याने मागे वळून तिला गप्प बसायला सांगितलं.